मामीसाठी टॅबलेट, मामाचं टेंडर

स्वस्त टॅबलेट घेताना काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात माझ्या बायकोचे मामा. एसटीच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी निविदा, दरपत्रकं आणि सुट्या भागांच्या नोंदी यांत गेलेली. दुसऱ्या पक्षात माझी बायको, म्हणजे त्यांची भाची. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲप तपासण्याचं काम करते. तिच्या टेबलावर बाजारातले अगदी हलके फोन आणि टॅब मुद्दाम आणून ठेवलेले असतात. महागड्या यंत्रावर ॲप चाललं यात विशेष ते काय? आठ-नऊ हजारांच्या यंत्रावर चाललं तर चाललं म्हणायचं, असा त्यांच्याकडचा हिशोब.

टॅब हवाय मामींना. साठीनंतर त्या गाणं शिकायला लागल्या आहेत. तानपुऱ्याचं ॲप लावायचं, बंदिशींच्या पीडीएफ समोर ठेवायच्या, आठवड्यातून एकदा बाईंचा क्लास व्हिडिओ कॉलवर करायचा आणि दुपारी ई-पेपर वाचायचा, एवढीच त्यांची मागणी. जावयाने अशा वेळी ऐकून घ्यावं हे मला कळतं, त्यामुळे इथे मी बहुतेक लेखनिकाचंच काम केलं आहे.

"दहा हजारांच्या वर एक पैसा नाही," मामांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. "ऐकायचं, वाचायचं, बाईंशी बोलायचं. त्याला ते पेन कशाला, जोडायचा कीबोर्ड कशाला, बोटाचा ठसा कशाला? आणि मागचा कॅमेरा तर मला कळलेलाच नाही. एवढी पाटी उचलून फोटो काढतं कोण?"

"लग्नात काढतात," मामी म्हणाल्या. "मागच्यांना नवरा-नवरी दिसत नाहीत."

"म्हणूनच म्हणतो, नको."

भाचीने इथे वाद घातला नाही. "मामा, इथपर्यंत मी तुझ्याच बाजूने आहे. पेन नको, ठसा नको, मागचा कॅमेरा असला काय नसला काय. मी तर म्हणते सिमसुद्धा नको. घरात वायफाय आहे, बाहेर गेलात तर फोनचा हॉटस्पॉट आहे. सिमवाल्या टॅबला उगाच जास्तीचे पैसे जातात."

"सिम नको हे तर उत्तमच. यूपीआयची नोंदणी करायची तर त्याच यंत्रातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. सिमच नाही म्हटल्यावर यूपीआय नाही. उद्या कुणी हिला फोन करून हे दाबा, ते दाबा म्हणालं, तरी टॅबवरून काही जायचं नाही."

"नेटबँकिंगचा पासवर्ड त्यात साठवून ठेवलात तर जाईल. पण पैशाचं काम त्यावर करायचंच नाही असं ठरवलंत तर हो, धोका पुष्कळ कमी होतो. फक्त एक सांगून ठेवते. सिम नसलेल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसही नसतं. बिनसिमच्या आयपॅडमध्येही नसतं. गाडीत नकाशा लावायला तो उपयोगी पडायचा नाही."

"गावाला जायला मला नकाशा लागत नाही."

म्हणजे नसलेल्या गोष्टींबद्दल दोघांचं एकमत झालं. मला वाटलं, मिटलं. पण भाचीच्या मते भांडण अजून सुरूच झालं नव्हतं. पेन, ठसा, कॅमेरा, सिम या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. नसल्या तर खोक्यावरच कळतं आणि माणूस ते समजून पैसे देतो. दहा हजारांचा टॅब दहा हजारांत बसतो तो केवळ यांच्यामुळे नाही, कात्री आणखीही कुठे कुठे चाललेली असते. तिने मामींच्या वहीत खोचलेला एक छापील कागद ओढून घेतला.

बंदिशीचं स्वरलेखन होतं, भातखंडे पद्धतीचं. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तार सप्तक, पायाशी टिंब असेल तर मंद्र. खाली आडवी रेघ असेल तर कोमल. एका मात्रेत जास्त स्वर असतील तर त्यांच्या खाली चंद्रकोर. आता मंद्रातला कोमल निषाद घ्या. 'नि'च्या खाली रेघ, त्याच्या खाली टिंब, आणि तो जोडीने आला असेल तर खाली चंद्रकोरही. आणि हा सगळा संसार तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत.

"तू जो टॅब दाखवलास त्याचा पडदा दहा इंची, १२८० गुणिले ८००," भाची म्हणाली. "म्हणजे इंचाला साधारण दीडशे ठिपके. इंग्रजी बातमी त्यात आरामात वाचता येते. मराठीत रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की चिकटायला लागतात. या कागदावरचं टिंब आणि रेघ तर पानभर नजरेत एकत्रच होणार. मामी मंद्र निषाद लावायचा तिथे मध्य लावेल."

"मोठं करून वाचेल की."

"दोन बोटांनी मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग सरकवायचं कोणी?"

"माझा एक हात भात्यावर असतो आणि दुसरा पेटीच्या पट्ट्यांवर," मामी म्हणाल्या. संभाषणात त्या आता पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या होत्या.

"तेवढ्याच आकारात १९२० गुणिले १२०० घेतला तर इंचाला सव्वादोनशेच्या आसपास ठिपके मिळतात. दोन टॅब शेजारी ठेवले तर कव्हरसकट सारखे दिसतील. पहिल्याच्या खोक्यावर 'एचडी' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याच्या 'फुल एचडी'. दुकानात दोन्हींवर फुलांचे रंगीत फोटो लावून ठेवलेले असतात. फुलांत टिंब आणि रेघ कुठे असते?"

मामा गप्प झाले, पण हरले नव्हते. त्यांनी मोर्चा वळवला.

"बरं, पडदा तुझा. पण आवाज? दहा हजारवाला काय आणि तीस हजारवाला काय, त्या चपट्या डबीतून तानपुरा नीट वाजणारच नाही."

इथे मामांचं बरोबर होतं, आणि भाचीने तसं कबूल केलं. मामींचा षड्ज काळी चारला. म्हणजे खर्जाची तार शंभरेक हर्ट्‌झवर बोलणार. टॅबच्या इवल्या स्पीकरला तिथे जवळजवळ वाचाच नसते. आपल्याला ऐकू येतात ते वरचे स्वयंभू स्वर, आणि त्यांवरून खाली खर्ज असणार अशी समजूत कान स्वतःच करून घेतो. महाग टॅबला चार स्पीकर असतील, आवाज मोठा आणि भरीव येईल, पण तानपुऱ्यासमोर बसल्याचा भास तोही देणार नाही.

"मग आपला जुना स्पीकर आहे. वायर लावली की झालं. वायर लावायला भोक आहे ना?"

"आहे. साडेतीन मिलिमीटरचा जॅक स्वस्त टॅबना बहुधा असतोच. गंमत म्हणजे महागांतून तोच गेला. साध्या आयपॅडला तो बरीच वर्षं होता, २०२२च्या दहाव्या पिढीत काढून टाकला."

"आणि ते कार्ड?"

"मेमरी कार्डाची खाचही स्वस्तांना बहुधा असते. आयपॅडला ती कधीच नव्हती."

"म्हणजे," मामा पाठ टेकून म्हणाले, "ज्या दोन गोष्टी आम्हाला खरोखर लागतात, त्या गरिबाच्या टॅबमध्ये आहेत आणि श्रीमंताच्या टॅबमध्ये नाहीत."

हा मुद्दा त्यांनी निर्विवाद जिंकला. महाग ते अधिक भरलेलं आणि स्वस्त ते रिकामं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. टॅबच्या बाबतीत तो सरसकट लागू पडत नाही. महाग यंत्रातून कंपनी तारा काढून घेते आणि बिनतारी हेडफोन वेगळे विकते. स्वस्त यंत्राच्या गिऱ्हाइकाला वेगळं काही विकता येणार नाही हे कंपनीला ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्या यंत्राला जॅक राहतो.

पण भाचीने लगेच कार्डाचा उत्साह कमी केला. "कार्डावर रेकॉर्डिंग ठेवायची, पीडीएफ ठेवायच्या. ॲप चालतं ते आतल्या जागेवरून, आणि स्वस्त टॅबमध्ये ती जागा ईएमएमसी जातीची असते. वरच्या टॅबमध्ये यूएफएस."

"फरक काय?"

"घाटातला एकेरी पूल. वाचायचं आणि लिहायचं काम एकाच वेळी होत नाही. एक बाजू थांबवायची, मग दुसरी सोडायची. यूएफएसमध्ये दोन्हीकडची वाहतूक एकदम सुटते, आणि वेगही कितीतरी पट जास्त. नवा टॅब असतो तोवर कळत नाही. वर्षभराने जागा भरत आली, मागे चार ॲपं अपडेट व्हायला लागली, की मामी पीडीएफ उघडेल आणि पडदा पांढरा धरून बसेल."

"रॅम बघून घेऊ ना. त्या खोक्यावर आठ जीबी लिहिलंय."

"चार अधिक चार लिहिलंय. खरी रॅम चारच. वरची चार म्हणजे त्या ईएमएमसीतलाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा. मुळात पुलावर कोंडी आहे म्हणून रॅम लागते, आणि हे त्याच पुलावर आणखी गाड्या आणून सोडतात."

यावर मामा हसले. चाळीस वर्षं पुरवठादार बघितलेला माणूस. अशी 'चार अधिक चार' त्यांनी बॅटऱ्यांत पाहिली असणार, टायरांत पाहिली असणार.

मामींचा प्रश्न त्याहून नेमका होता. तानपुरा चालू ठेवून पीडीएफ उघडली तर तानपुरा बंद पडेल का? भाचीने प्रामाणिक उत्तर दिलं. ॲप नीट लिहिलेलं असेल तर सहसा नाही. पण तानपुरा, पीडीएफ आणि व्हिडिओ कॉल तिन्ही एकदम सुरू असतील आणि रॅम तीन जीबी असेल, तर यंत्रणा जागा करण्यासाठी काहीतरी बंद करणार. काय बंद करायचं ते आपल्याला विचारून करत नाही. तिच्या टेबलावरच्या टॅबांवर हे रोजचंच आहे. ॲप मधेच का बंद पडलं याची नोंद उघडली की बऱ्याचदा शेवटच्या ओळीत दिसतं, स्मृती अपुरी.

मामांनी मग इतिहास काढला. "तुम्ही पोरं विसरलात. २०११ साली सरकारने सव्वादोन हजारांच्या आसपास टॅब काढून दाखवला होता. आकाश. तेव्हा आयपॅड बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं, पाचशे डॉलरला. त्या किमतीत तसलं यंत्र आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलाला कुणी दिलं असतं? स्वस्ताला हसणं सोपं असतं."

"मी हसत नाही. पण लोक आकाशला का नावं ठेवत होते ते आठव. कॅमेरा नाही म्हणून? ब्लूटूथ नाही म्हणून? त्याबद्दल फारसं कुणी बोललंही नाही."

हे मला तपशिलात सांगावंसं वाटतं, कारण आकाशइतका उघडा पडलेला हिशोब दुसऱ्या कुठल्या टॅबचा सहसा सापडत नाही. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. डेटाविंड कंपनीने तो बनवला होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा. दोन पापुद्रे एकमेकांना टेकले की त्याला स्पर्श कळायचा, त्यामुळे बोट नुसतं सरकवून भागत नसे, नखाने दाबावं लागे. बॅटरी २१०० एमएएच, तीन तासांच्या आत बाहेर. जे नाही ते सगळ्यांनी माफ केलं. जे आहे पण हाताला साथ देत नाही, ते कुणी माफ केलं नाही. ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. त्याच्यामागे आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक आणि त्यांचे सहकारी होते. पडदा बोटाला प्रतिसाद देणारा कपॅसिटिव्ह झाला, रॅम दुप्पट झाली आणि सरकारी खरेदीची किंमत जवळपास होती तिथेच राहिली. कॅमेऱ्याशिवाय चालतं, पडद्याशिवाय चालत नाही, हे कळायला एक वर्ष आणि एक आवृत्ती खर्ची पडली.

त्याच २०१२ साली गुगलने असूसकडून नेक्सस ७ बनवून घेतला, १९९ डॉलरला. मागचा कॅमेरा नाही, कार्डाची खाच नाही. पडदा मात्र १२८० गुणिले ८००, तोही सात इंचांत, म्हणजे इंचाला २१६ ठिपके. मामांनी निवडलेल्या टॅबवर नेमका हाच आकडा छापलेला आहे, फक्त आज तो दहा इंचांवर ताणून लावलेला आहे. नेक्ससनेही एके ठिकाणी चूक केलीच. सुरुवातीचा स्वस्त नमुना ८ जीबीचा होता. जागा भरत आली आणि अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्या चढल्या, तसे ते रखडायला लागले.

"मामा, निविदेबद्दल तूच मला सांगायचास," भाची म्हणाली. "पुरवठादार काटकसर कुठे करतो?"

मामांनी उत्तर टाळायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "जे निविदेत लिहिलेलं नाही तिथे."

"आणि या खोक्यावर काय लिहिलेलं नाही?"

खोक्यावर मेमरी किती ते होतं, कुठल्या जातीची ते नव्हतं. पडद्याचे इंच मोठ्या अक्षरांत होते, ठिपके बारीक अक्षरांत. बॅटरीचे एमएएच होते, चार्जर किती वॉटचा ते नव्हतं. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं. या शेवटच्यावर भाची सगळ्यात जास्त तापते. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियमच केला आहे. फोन आणि टॅब यांची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता ८० टक्के राहिली पाहिजे. तिथे विकायचं असेल तर स्वस्त टॅबवाल्यालाही हे चुकत नाही.

"आणि चित्रपट बघायचे असतील तर वाइडवाइन एल-वन आहे का तेही बघावं लागतं," ती पुढे म्हणाली.

मामा एकदम जागे झाले. "एल-वन? म्हणजे सगळ्यात कमी दराचा!"

"अरे, ते तुझं टेंडरमधलं एल-वन. हे उलटं आहे. एल-वन नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी चित्र फुटकंच दिसतं, पडदा कितीही चांगला असू दे. यूट्यूबला याचा फरक पडत नाही."

"आम्ही यूट्यूबच बघतो," मामी म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला, आणि बरं झालं.

सेकंड हँडचा पर्यायही निघाला. दोन-तीन वर्षांपूर्वीचा चांगला टॅब निम्म्या किमतीत मिळतो, पडदा आणि मेमरी दोन्ही उत्तम. मामांनी तो उडवून लावला, आणि मला ते पटलं. जुन्या टॅबची बॅटरी थकलेली असते, ती आत गोंदाने चिकटवलेली असते, आणि ती बदलायला पडदा उचकटताना पडदाच गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. शिवाय अपडेटची उरलेली वर्षंही पहिला मालक वापरून बसलेला असतो.

शेवटी मामांनी पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडली. टॅब दहा हजार. खोक्यात चार्जर नाही, तो वेगळा. कव्हर आणि काच. मेमरी कार्ड. बेरीज साडेबाराच्या पुढे गेली. भाचीच्या टॅबची किंमत चौदा, चार्जर खोक्यात. कव्हर-काच दोन्हींकडे लागणारच. मामांनी पेन्सिलने दोन्ही आकड्यांभोवती गोल केला आणि बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी कागद उलटवला आणि वर तारीख घातली. पडदा १९२० गुणिले १२००, त्याहून कमी नाही. रॅम चार जीबी, आभासी धरू नये. मेमरी १२८ जीबी, जात लेखी कळवावी. जॅक असावा. कार्डाची खाच असावी. पेन, कीबोर्ड, सिम नसल्यास हरकत नाही. मागचा कॅमेरा असल्यास हरकत नाही, मात्र त्याची वेगळी किंमत मिळणार नाही. मामींनी मधेच सांगून एक ओळ घातली, की घेण्याआधी दुकानातल्या टॅबवर आपली बंदिशीची पीडीएफ उघडून मंद्र कोमल निषाद वाचून पाहण्यात येईल. ही अट माझ्या मते सगळ्या कागदात सर्वांत शहाणी होती.

"आणि सुरक्षेचे अपडेट," भाचीने आठवण केली.

"किमान चार वर्षं," मामांनी लिहिलं. "लेखी हमी."

"मामा, दुकानदार लेखी देणार नाही. त्याच्या हातातच नाही ते."

"नसेल देत तर पाच टक्के अनामत राखून ठेवू," मामा म्हणाले आणि खाली सही केली.